बस्तावींच्या भिंतीवरचा हज

आमच्याकडे माणूस हजला गेला की तो परत यायच्या आत त्याच्या घराची दर्शनी भिंत रंगवून ठेवायची असते. काबा, बोट किंवा विमान, एखादा उंट, खजुराचं झाड, आणि वर ठळक अक्षरांत ‘हज कबूल होवो, पाप माफ होवो’. गावातला रंगारी त्या वर्षी कामासाठी बाहेरदेशी गेला होता, म्हणून आमच्या शाळेच्या शिपायाची भिंत माझ्या गळ्यात पडली. इस्ना शहराजवळच्या आमच्या गावात मी प्राथमिक शाळेत चित्रकला शिकवते. गणिताच्या मास्तरांना मुलं घाबरतात, अरबीच्या मास्तरांना मुलांचे आईबाप घाबरतात, आणि मला लग्नसराईत पाट्या रंगवायला बोलावतात. एवढाच काय तो चित्रकलेच्या बाईंचा, मुलांच्या अब्लाचा मान.

शिपाई म्हणजे बस्तावी. साठी उलटलेला माणूस. काका म्हणावं तसं सगळं गाव त्यांना अम्म बस्तावी म्हणतं. तीस वर्षं त्यांनी शाळेची घंटा वाजवली, आणि त्यातली नऊ वर्षं सरकारी सोडतीत हजसाठी नाव घातलं. नऊही वर्षं नाव लागलं नाही. शेवटी इस्नाच्या बाजारातल्या कुणा मध्यस्थाने सांगितलं, सोडत कशाला हवी, सफागा बंदरातून बोटीने नेतो, पुढचं सगळं माझ्यावर सोडा. अम्म बस्तावींनी सोडलं. कागद कुठले, परवाना कुणाचा, हे ना त्यांनी विचारलं ना आम्ही. शुभकार्याला निघालेल्या माणसाला असले प्रश्न विचारले तर नजर लागते, असं आमच्याकडे मानतात. आमच्या शहाणपणाची धाव तेवढीच.

हजला निघणाऱ्याकडे गाव आपापल्या दुआ सोपवतं. अराफातच्या मैदानात उभं राहून मागितलेलं परत फिरत नाही, असा विश्वास. अम्म बस्तावींना लिहिता येत नाही, म्हणून पाचवीच्या मुलींनी त्यांना वहीत नावं लिहून दिली. सब्रा म्हातारीचा मुलगा, जो नावेतून युरोपला निघाला आणि ज्याची चार वर्षं खबर नाही. पाववाल्या उम्म हाशिमची सून, जिची तीन बाळंतपणं वाया गेली. अशी वही भरली. मी सगळे जाईपर्यंत थांबले.

“अम्म बस्तावी, माझं वहीत लिहायचं नाहीये.”

“मग कानात सांग, पोरी. माझ्या कानाला कुलूप आहे.”

मी सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

माझी हनीया तेव्हा तिसरीत होती. त्या सकाळी तिने बूट घातला आणि ओरडली, पाय जळतोय म्हणाली. त्या दिवशी पाठांतराची परीक्षा होती आणि परीक्षेच्या दिवशी तिला काही ना काही व्हायचंच. मी म्हटलं, नाटकं पुरे. एक थोबाडीत दिली, म्हटलं रड किती रडायचं ते, आणि दार ओढून शाळेत निघून गेले. बुटात विंचू होता. दुपारी शेजारणीने तिला दवाखान्यात नेलं तेव्हा तिच्या तोंडाला फेस आला होता. मी सगळ्यांना सांगितलं की मी शाळेत गेल्यावर विंचू चावला. कुवेतला असलेल्या नवऱ्यालाही तेच सांगितलं. तो फोनवर म्हणाला, तुझा काय दोष. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तिथे उभे राहाल तेव्हा तिला सांगा,” मी म्हटलं, “आई माफी मागते. आणि अल्लाहलाही सांगा. मी रोज सांगते, पण माझं काही पोचत नाही.”

अम्म बस्तावी किल्ल्यांचा जुडगा चाळत राहिले. मग म्हणाले, “पहिलं नाव तिचं. वहीतली नंतर.”

ते गेले आणि मी पाचवीच्या वर्गाला कामाला लावलं. हनीया असती तर याच वर्गात असती. मुख्याध्यापिका हज्जा फिक्रिया म्हणाल्या होत्या, यंदा तुला दुसरा वर्ग देते, पण मीच नको म्हटलं. तिसऱ्या बाकावर तिच्या मैत्रिणीच्या, नग्लाच्या शेजारची जागा अजून रिकामी आहे. तिथे कुणी बसत नाही आणि मीही कुणाला बसवत नाही.

हज नुसता सांगून मुलांच्या डोक्यात शिरत नाही, पण हाताने केला तर शिरतो. दूरचित्रवाणीच्या खोक्याला काळं कापड लावून आम्ही काबा केला आणि अंगणात त्याला सात फेऱ्या घातल्या. दोन बाकांची टेकाडं करून सफा ते मरवा सात वेळा चालून घेतलं. मग प्रत्येक मुलाला एकेक विधी वाटून दिला आणि खाकी कागदावर चित्रं काढून घेतली. ही चित्रं नंतर भिंतीवर जायची होती. एकाने अराफातच्या टेकडीवर विजेचा खांब आणि आमच्याच गावातलं गाढव काढलं. नग्लाने काब्याभोवती फिरणाऱ्या अम्म बस्तावींच्या हातात झाडू दिला.

“अगं, तिथे झाडू कशाला?”

“अब्ला, ते झाडूशिवाय फिरतात कधी?”

सैतानाला खडे मारायचा विधी कुणाला जमेना, म्हणून तो मी स्वतः काढला. शाळेच्या कपाटात फार जुना तक्ता होता. त्यावर होते तसे तीन खांब काढले, एक लहान, एक मधला, एक मोठा. मुलांना तेच शिकवलं. मी कुठे हज केलाय? तक्त्यात होतं ते मी काढलं.

तीन दिवस आम्ही भिंतीशी झटलो. चुन्यात नीळ कालवून आभाळ केलं, बोटीला लाल पट्टा मारला. अम्म बस्तावींची बायको नईमा दारात बसून चहा पाजत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होती, “तो बघा, तो झाडूवाला आमचा.” तिला इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. सर्वात वर मी लिहिलं, हाजी बस्तावी.

ते आले त्या दिवशी अख्खी गल्ली जमली. बायकांनी हेल काढून आनंदाच्या आरोळ्या दिल्या, कुणी ढोल आणला. अम्म बस्तावी गाडीतून उतरले आणि भिंतीसमोर उभे राहिले. एकेक चित्र बघत गेले. आणि मग ते सगळ्यांसमोर रडले. आम्हालाही रडू आलं. म्हातारा धन्य झाला, असंच वाटलं सगळ्यांना.

आत चहा फिरला, खजूर फिरले, मक्केच्या विहिरीचं, झमझमचं पाणी घोटघोट वाटलं गेलं. लोक विचारत होते आणि ते सांगत होते.

“आणि खडे? खडे लागले का नेमके?”

“लागले म्हणजे! मोठ्या खांबाला तर थेट कमरेत हाणला. मधल्याला दोन हुकले. लहान खांब माझ्याच उंचीचा, त्याला कसला चुकतोय!”

सगळे हसले. सब्रा म्हातारीने त्यांचा हात धरून विचारलं, “माझ्या पोराचं नाव घेतलंस?” ते म्हणाले, “घेतलं.” उम्म हाशिमने विचारलं, तिलाही म्हणाले, “घेतलं.” गर्दी ओसरल्यावर मी पुढे झाले. नुसती समोर उभी राहिले. ते हातातल्या तबकाकडे बघत म्हणाले, “सांगितलं, पोरी. पहिलं तिलाच सांगितलं.”

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मी झोपले. विंचवाच्या स्वप्नाशिवाय झोपले. दुसऱ्या दिवशी पीठ मळून उन्हात ठेवलं आणि दोन वर्षांनी माझ्या घरात उन्हात फुगलेली भाकर भाजली गेली. शुक्रवारी पेटी उघडली, हनीयाचे कपडे काढले आणि नग्लाच्या धाकट्या बहिणीला देऊन टाकले, शाळेचे दोन सदरे, ईदचा झगा, लोकरीची टोपी. तिने माफ केलंय ना, मग आता कशाला धरून ठेवायचे, असं वाटलं. सदरे देताना एकदा हुंगलेसुद्धा नाहीत. इतकी मी मोकळी झाले होते.

पुढच्या सोमवारी हज्जा फिक्रिया इस्पितळातून बहिणीची सेवा करून परतल्या. अम्म बस्तावी आले तेव्हा त्या गावात नव्हत्या. वर्गात आल्या, कागदावरची चित्रं एकेक करून बघितली, गाढवाला हसल्या, आणि खांबांपाशी थांबल्या.

“हे काय गं, रावया?”

“सैतानाचे खांब. खडे मारायचे.”

“अगं बाई, कुठल्या जमान्यातलं चित्र हे? खांब कधीच गेले. आता लांबच लांब भिंती आहेत, इथून कालव्यापर्यंत पोचतील एवढ्या. मी गेले होते ना दोन वर्षांपूर्वी! गर्दीत एक चप्पल पण गेली माझी तिथे. मुलांना काहीतरी चुकीचं शिकवू नकोस. आणि गुरुवारी बस्तावींना वर्गात बसव, स्वतः बघून आलेला माणूस सांगेल.”

“हो,” मी म्हटलं. मग अम्म बस्तावींनी खडे कुठल्या खांबांना मारले?

दुसरा एखादा असता तर म्हणाला असता, म्हातारा आहे, गर्दीत काय दिसलं असेल, विसरला असेल. मीही तास-दोन तास तसंच म्हणून बघितलं. पण लहान खांब माझ्याच उंचीचा, असं ते म्हणाले होते. भिंतीवरच्या माझ्या चित्रात लहान खांबाशेजारी अम्म बस्तावी उभे आहेत. त्यांची आणि खांबाची उंची सारखी झाली होती, कारण वर बोटीची दोरी आली आणि जागा उरली नाही.

शाळा सुटल्यावर मी त्यांना नळापाशी गाठलं. ते बादल्या विसळत होते.

“अम्म बस्तावी, तिथे खांब नाहीत.”

“कुठे?”

“जिथे तुम्ही खडे मारलेत तिथे.”

त्यांनी बादली उपडी केली आणि तिच्यावरच बसले. नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. पण ते नाही म्हणाले नाहीत.

“जिद्दापर्यंत गेलो,” ते म्हणाले. “तिथे एका खोलीत आम्ही अकरा जण. मक्केच्या रस्त्यावर चौकी, परवाना दाखवा म्हणाले. कुठला परवाना? तो मध्यस्थ तर सफागालाच गायब झालेला. परत फिरवलं. पुन्हा निघालो, पुन्हा फिरवलं. बोटं उमटवून घेतली, म्हणाले तिसऱ्यांदा दिसलात तर आत टाकू. झमझमसुद्धा जिद्दाच्या दुकानातून घेतलं.”

“आणि अराफातच्या दिवशी?”

“खोलीतच. दूरचित्रवाणी लावली होती. मैदान दिसत होतं, पांढरं, माणसंच माणसं. मला वाटलं, इथूनच करावं. उभा राहिलो, हात वर केले. मागे बसलेला एक जण म्हणाला, काका, खाली बसा, दिसत नाही.”

“मग?”

“बसलो.”

“तिचं नाव?”

ते माझ्याकडे बघेनात. “नाही घेतलं, पोरी. तुझी गोष्ट त्या डब्याला कशी सांगायची? मला लाज वाटली.”

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. खोटारडे म्हणाले, माझ्या मेलेल्या पोरीवर खोटं रचलंत म्हणाले, तिचे कपडे वाटून टाकले मी, तिचे कपडे, असं म्हणत राहिले. सगळ्या गावाला फसवा, मला तरी खरं सांगायचं होतं, मी तुम्हाला खरं सांगितलं होतं.

“सांगणार होतो,” ते म्हणाले. “सगळ्यांना सांगणार होतो. बोटीत येताना पाठ केलं होतं, माझा हज झाला नाही, मला फसवलं. मग गाडी गल्लीत वळली आणि तुझी भिंत दिसली. वर हाजी लिहिलेलं. पोरं नाचत होती. नईमा हसत होती. तूच सांग, एवढ्या मोठ्या भिंतीला खोटं पाडायचं तोंड मी कुठून आणू? आणि नंतर तू समोर येऊन उभी राहिलीस. तुझा चेहरा तू पाहिला नाहीस, मी पाहिला.”

म्हणजे यात माझाही हात होता. माझ्याच निळीने, माझ्याच लाल पट्ट्याने. मी तिथेच नळाच्या कट्ट्यावर बसले. माझ्या रडण्यात आवाजही राहिला नव्हता.

थोड्या वेळाने ते उठले. “चुना आहे ना कपाटात? दे. मी जातो, भिंत पांढरी करतो. शुक्रवारी मशिदीत उभा राहून सांगतो. माझ्यानेही हे ओझं वाहवत नाही. रोज कुणी ना कुणी ‘हाजी’ म्हणतं आणि मला ओ द्यावी लागते.”

रंगांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात होती. द्यायची, आणि माझा सूड पुरा व्हायचा. पण मला सब्रा म्हातारी दिसली. आता रोज संध्याकाळी कालव्यावर जाऊन वाट बघणं तिने सोडलं होतं, म्हणत होती, तिथे नाव घेतलंय, तो जिथे असेल तिथे बरा असेल. उम्म हाशिमची सून पुन्हा पोटुशी होती आणि या वेळी घाबरत नव्हती, पायऱ्या चढत होती, गाणी म्हणत होती. आपली दुआ पोचली नाही हे कळल्यावर काय होतं ते त्या क्षणी मला जेवढं ठाऊक होतं तेवढं गावात कुणालाच नव्हतं.

“चुना मिळणार नाही,” मी म्हटलं.

“पोरी, सोडव मला.”

“नाही सोडवत. तुम्ही हाजीच राहायचं, मरेपर्यंत. विचारतील त्याला सांगायचं, नाव घेतलं. त्यांच्या दुआ पोचल्या आहेत, अम्म बस्तावी. माझी तेवढी राहिली.”

मी त्यांना वर्गात नेलं, पहिल्या बाकावर बसवलं. साठीचा माणूस मुलांच्या बाकावर मावेना, गुडघे वर आले. गुरुवारी हज्जा फिक्रिया समोर असणार होत्या, आणि त्यांच्यापुढे चूक झाली असती तर सगळंच उघडं पडलं असतं. मी फळ्यावर तीन लांब भिंती काढल्या.

“खांब म्हणायचं नाही. भिंत. पहिल्या दिवशी फक्त मोठ्या भिंतीला सात खडे. पुढच्या दिवसांत तिन्हींना, लहानीपासून सुरुवात.”

“प्रत्येक खड्याला काय म्हणायचं असतं?”

“अल्लाहू अकबर.”

“हे मला माहीत होतं,” ते म्हणाले. “नऊ वर्षं रोज पाठ करत होतो.”

मला त्यांची दया आली आणि राग गेला नाही. दोन्ही एकदम असू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. बुधवारी मुलांना घेऊन मी गल्लीतल्या चित्रातले खांब पुसले आणि त्या जागी भिंती काढल्या. अब्लाची चूक झाली, म्हटलं. मुलांना बाईंची चूक सापडली की सण असतो, त्यांनी तो साजरा केला.

गुरुवारी अम्म बस्तावी धुतलेला पांढरा झगा घालून वर्गात आले. हज्जा फिक्रिया मागे खुर्ची टाकून बसल्या. म्हाताऱ्याने सगळं नीट सांगितलं, एकही चूक केली नाही. फिक्रिया मधूनमधून मान डोलवत होत्या, भिंतींपाशी तर म्हणाल्या, “ऐकलंस ना, रावया?” मुलांनी विचारलं, उंट होते का, ऊन किती होतं, झाडू नेला होता का. ते हसलेसुद्धा.

मग नग्ला उभी राहिली. तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर तिने दप्तर ठेवलं होतं.

“अम्म बस्तावी, आमच्या हनीयाचं नाव घेतलंत तिथे?”

सगळ्या गावाला त्यांनी ‘घेतलं’ म्हणून सांगितलं होतं. नुसता एक शब्द. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंड तसंच राहिलं. माझ्या समोर त्यांची जीभ वळेना. फिक्रियांनी मान वर केली.

“विसरलात?” नग्लाने विचारलं, आणि तिचे डोळे भरून आले.

“घेतलं,” मी म्हटलं. “सर्वांत आधी घेतलं. त्यांनी मला येऊन सांगितलं.”

“मग अल्लाहने ऐकलं?”

“ऐकलं,” मी म्हटलं. “बस खाली. वह्या काढा सगळ्यांनी.”